क्यूटवेदूचा अर्जंट मेल

कंपनीला गंडा बसला, आणि तेव्हापासून संजना येणाऱ्या प्रत्येक मेलकडे भरदुपारी दाराशी येऊन पाणी मागणाऱ्या परक्या माणसाकडे बघावं तशी बघायला लागली. पाणी द्यायचं, पण जाळीचं दार उघडायचं नाही.

कंपनी रंगनाथरावांची. सगळे त्यांना आप्पा म्हणत. दिंडोरीजवळ पॅकहाऊस आणि गंगापूर रोडवर दुसऱ्या मजल्यावर ऑफिस. शेतकऱ्यांकडून द्राक्षं घ्यायची, निवडून पेट्यांत भरायची आणि परदेशी पाठवायची, हा धंदा. संजना ऑफिसातले कॉम्प्युटर सांभाळायची. मेल, पासवर्ड, प्रिंटर, जे काही बिघडेल ते तिच्या माथी.

गंड्याची गोष्ट अगदी साधी होती. सटाण्याकडची अर्ली द्राक्षं सगळ्यांच्या आधी निघतात. तिथल्या चिमाजी नावाच्या जुन्या बागायतदाराच्या नावानं मेल आला की बँकेचं खातं बदललंय, पैसे नव्या खात्यावर टाका. पत्ता चिमाजींचाच वाटत होता, फक्त त्यातलं एक अक्षर इकडचं तिकडे झालं होतं. अकाउंटच्या स्नेहानं पैसे टाकले. चिमाजी स्वतः पैसे मागायला ऑफिसात आले, तेव्हा सगळ्यांच्या पायाखालची जमीन सरकली.

स्नेहा रडली. बोलणी मात्र संजनालाच बसली.

"तुझी ती मेलची चाळणी काय शोभेला ठेवलीय का?" आप्पा म्हणाले. "चोर सरळ आत येतो, खुर्चीवर बसतो, पैसे घेऊन जातो. आजपासून ओळखीचा नसेल तो मेल आत येता कामा नये."

त्याच बैठकीत त्यांनी दुसरा हुकूम काढला. शेतकऱ्यांचं तोंडी काहीही धरायचं नाही, जे असेल ते मेलवर लेखी हवं. मेलबिल ज्यांना कधी लागला नाही, ते शेतकरी आता कुणाच्या ना कुणाच्या मोबाईलवरून मेल टाकणार, आणि ओळखीचा नसलेला मेल तर आत येणारच नाही. हे दोन हुकूम एकमेकांच्या पायात पाय घालणार, हे त्या दिवशी कुणाच्याच लक्षात आलं नाही. संजनाच्याही नाही.

तिनं चाळणी घट्ट केली. नवा पत्ता, 'अर्जंट' हा शब्द, सोबत जोडलेली फाईल, मजकुरात फोन नंबर, यातल्या दोन गोष्टी जरी एका मेलात दिसल्या तरी तो बाजूला पडायचा. त्या ढिगाला तिनं 'अडवलेले' असं नाव दिलं होतं. सुरुवातीला ती रोज सकाळी त्यात नजर टाकायची. नव्व्याण्णव टक्के कचराच असायचा. मग द्राक्षांचा खरा हंगाम लागला, कागदपत्रांची घाई सुरू झाली, आणि सवड मिळेल तेव्हा बघू असं व्हायला लागलं. गंडा पुन्हा बसला नाही. आप्पा खूश होते.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी अमोलचा मोबाईलवर मेसेज आला. अमोल कंपनीचा फिल्डवरचा माणूस. कुणाच्या बागेत द्राक्षांचा खुडा कधी करायचा ते तो ठरवायचा. त्यानं विचारलं होतं, 'मॅडम, नाथाभाऊंचा काही मेल आलाय का?'

संजनानं इनबॉक्समध्ये नाथा हे नाव टाकलं. काही दिसलं नाही. तिनं 'नाही' असं लिहून पाठवलं आणि पुढच्या कामाला लागली.

दुपारी आप्पा केबिनबाहेर आले. "संजना, तो हॉलंडचा खरेदीदार म्हणतोय, दोनदा मेल केला. आपल्याला एकही नाही. कंटेनर आज निघायचाय. बघ जरा."

 तिनं 'अडवलेले' उघडलं. हॉलंडवाल्याचे दोन्ही मेल तिथं होते. त्याच्या कंपनीनं पत्ता बदलला होता, आणि पठ्ठ्यानं वर 'अर्जंट' असं लिहिलं होतं. तिनं ते सोडले. खिडकी बंद करणार तेवढ्यात, लॉटरी लागल्याच्या आणि पार्सल अडकल्याच्या मेलांच्या मधे, तिला मराठी अक्षरं दिसली.

'अर्जंट माल घेऊ नका.'

पाठवणाऱ्याचं नाव क्यूटवेदू.

मजकूर असा होता: 'साहेब नमस्कार. मी नाथा, तुमचा शेतकरी. तपासणीचं सॅम्पल नेल्यानंतर आमच्या बागेत चुकून दुसरं औषध मारलं गेलं. मजुरानं शेजारच्या टमाट्यासाठी कालवलेली टाकी आमच्या फवारणीच्या ब्लोअरला जोडली. बाटलीचा फोटो जोडला आहे. हे औषध एक्स्पोर्टला चालत नाही. तरी माझा माल घेऊ नये. माझा मोबाईल पाण्यात पडला आहे, खालच्या नंबरवर लवकर फोन करावा.'

संजना खुर्चीत मागे रेलली. चिमाजींच्या नावानं आलेला मेलही असाच होता. घाई करायची, नवा नंबर द्यायचा, जुना नंबर बंद आहे असं आधीच सांगून ठेवायचं. चोरांची हीच रीत. पण हा चोर पैसे मागत नव्हता. उलट आमचा माल घेऊ नका म्हणत होता. असा कुठला चोर असतो?

मग तिला आठवलं, कालच बाजारात द्राक्षांचा भाव एकदम चढला होता. उत्तरेकडचे व्यापारी बागेत येऊन रोख बोली करत होते. करार एकाशी आणि माल दुसऱ्याला, असे प्रकार दर हंगामात व्हायचे. म्हणजे कुणी व्यापारी नाथाच्या नावानं हा मेल टाकत असेल, किंवा मग खुद्द नाथाच. औषधाचं निमित्त करायचं, कंपनीची गाडी परत पाठवायची आणि संध्याकाळी माल व्यापाऱ्याला द्यायचा.

तिनं मेलची वेळ बघितली. परवा संध्याकाळ. भाव चढला काल.

हे काही जमत नव्हतं.

आणि मेल खरा असेल तर? नाथाच्या प्लॉटचं सॅम्पल तपासणीत पास झालं होतं, म्हणजे इथं कुणी पुन्हा तपासणार नव्हतं. ती द्राक्षं इतर शेतकऱ्यांच्या द्राक्षांबरोबर कंटेनरमध्ये चढणार, आणि दोष सापडणार तो थेट परदेशातल्या बंदरावर. मग सगळाच कंटेनर बाद. तिनं खुड्याचं वेळापत्रक काढलं. नाथाच्या बागेचा खुडा आजच होता.

तिनं नाथाचा नोंदवलेला नंबर लावला. बंद. अमोलचा लावला. तो रेंजच्या बाहेर. मेलमधल्या नंबरवर कधीही फोन करायचा नाही, हा तिनंच सगळ्यांना घालून दिलेला नियम होता. तरी तिनं तो लावला.

"हॅलो, कोण बोलतंय?" तिनं विचारलं.

"तुम्ही कोण?" पलीकडून मुलीचा आवाज.

"मी कंपनीतून बोलतेय. तुमचं नाव काय?"

"आधी तुम्ही तुमचं सांगा. कुठल्या कंपनीतून?" मग मागून कुणीतरी ओरडल्याचं ऐकू आलं, "ठेव गं फोन! नाव नको सांगू!" आणि फोन कट झाला. पुन्हा लावला तर कुणी उचलेना.

 खरी माणसं असतील तर नाव का लपवतील?

ती आप्पांकडे गेली. आप्पांनी मेल वाचला, चष्मा काढला. "क्यूटवेदू? ह्या क्यूटवेदूच्या सांगण्यावरून मी खुडा थांबवू?"

"आप्पा, खरं असलं तर…"

"आणि खोटं असलं तर? अख्ख्या प्लॉटचा माल जाईल हातचा, आणि ती अफवा गावभर होईल ते वेगळंच. मागच्या खेपेला आपण मेलवर विश्वास ठेवून फसलो. या खेपेला नाही. तू जा, खरं-खोटं करून ये. डोळ्यांनी बघितल्याशिवाय मला फोन करू नकोस."

संजना कंपनीत आली तेव्हापासून कधी बागेत गेली नव्हती. तिनं मेलचा आणि तो ऑफिसच्या मशीनवर कधी पोचला त्या नोंदीचा मोबाईलवर फोटो घेतला आणि मोपेड काढली. म्हसरूळ मागे पडलं, डाव्या हाताला रामशेजचा डोंगर दिसायला लागला, आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांना बागा सुरू झाल्या. वाटेत तिला एक विचार सारखा टोचत होता. सकाळी अमोलनं नाथाचाच मेल का विचारला? म्हणजे त्याला काहीतरी ठाऊक होतं. ठाऊक होतं तर खुडा का थांबवला नाही? आणि नेमका आजच त्याचा फोन का लागत नाही?

नाथाचं घर बागेच्या अलीकडे, वस्तीवर होतं. अंगणात एक म्हातारी शेंगा निवडत बसली होती. ती नाथाची आई, फुलाबाई.

"आजी, नाथाभाऊ आहेत का?"

"कोन गं तू?"

"मी कंपनीतून आलेय. गंगापूर रोडवरून."

फुलाबाईंनी सूप खाली ठेवलं. "कंपनीतून लय येत्यात. परवा एक बँकेतून बोलत व्हता, त्याच्या आधी एक लाइटबिलवाला व्हता. समद्यांना आमचंच घर घावतं. कंपनीतली हाय तर मंग सांग, आमच्या बागंच्या तोंडाला काय हाय?"

"मी कधी बागेत आले नाही, आजी."

"बघा! कंपनीतली हाय आन् बाग ठावं नाय."

"मी ऑफिसात असते. मला तुमच्या प्लॉटचा नोंदणी नंबर माहितीय." आणि तिनं तो लांबलचक नंबर घडाघडा म्हणून दाखवला.

"आता तो नंबर मला काय कळतोय?" फुलाबाई म्हणाल्या. "असले नंबर तो बँकवाला बी लय म्हनून दाखवत व्हता."

संजनाला राग यावा की हसू, हे कळेना. गळ्यातलं ओळखपत्र दाखवावं तर ते ऑफिसातच राहिलेलं. तेवढ्यात दारात एक कॉलेजातली मुलगी येऊन उभी राहिली आणि कान देऊन ऐकायला लागली.

"मघापासून फोन करत होतात त्या तुम्हीच ना?" ती म्हणाली. "आवाज तोच आहे."

"हो, मीच. तू कोण?"

मुलीनं आजीकडे बघितलं. मग म्हणाली, "वेदिका. नाथामामांची भाची. इथं राहून दिंडोरीला कॉलेज करते."

वेदिका. क्यूटवेदू. संजनानं मोबाईलवरचा मेलचा फोटो तिच्यापुढे धरला. "हा तू पाठवलास?"

"मामानं सांगितला तसा लिहिला. परवा. तुमच्याकडून काहीच उत्तर नाही. आज सकाळी तर गाडीच आली खुड्याला. मामा तिकडंच आहे, भांडण चाललंय. आणि तुमचा तो फिल्डवरचा माणूस म्हणतो, मेलच आला नाही."

फुलाबाई उठल्या. "म्हनजे ही खरंच कंपनीतली हाय का? आन् मी फोन ठेवायला लावला!" त्यांनी वेदिकाला विचारलं, आणि तरीही संजनाला वरपासून खालपर्यंत एकदा न्याहाळून घेतलं.

बागेच्या तोंडाशी कंपनीचा टेम्पो उभा होता. खुडणाऱ्या बायका कात्र्या मांडीवर ठेवून बांधावर बसल्या होत्या. काही क्रेट भरून सावलीला लावलेले होते. टेम्पोच्या पुढ्यात एक उंच, काटक माणूस हाताची घडी घालून उभा होता आणि अमोल त्याच्यावर आवाज चढवून बोलत होता.

"काल भाव चढला आणि आज तुम्हाला औषध आठवलं, नाथाभाऊ? करारावर सही केलीय तुम्ही."

"भावाचं मला काय सांगता? मी परवाच तुम्हाला सांगितलं व्हतं. तुम्हीच म्हनले, तोंडी चालनार नाय, मेल टाका. टाकला."

"कुठं टाकला? हे बघा ना." अमोलनं खिशातून मोबाईल काढून नाथाच्या तोंडासमोर धरला. "सकाळी रेंज होती तेव्हाच ऑफिसात विचारून घेतलं. काय उत्तर आलंय? वाचा."

संजनाला न बघताच कळलं. पडद्यावर तिचाच एक शब्द होता, 'नाही'. बांधावरच्या बायका नाथाकडे बघत होत्या. एकजण तोंडाला पदर लावून हसली. लबाडी उघडी पडलेल्या माणसाकडे बघावं तसं ते बघणं होतं.

"मेल आलाय," संजना पुढे होऊन म्हणाली. "परवा संध्याकाळीच आलाय. चाळणीत अडकला होता. मी सकाळी तिथं बघितलंच नाही."

 मग अमोलचे डोळे बारीक झाले.

"मॅडम, सकाळी नाही म्हणालात. आता इतक्या लांब येऊन आहे म्हणताय. मधल्या वेळात काय झालं? कुणी भेटलं का तुम्हाला?"

ती एकदम तापली. "म्हणजे काय म्हणायचंय?"

"म्हणायचं काही नाही. पण आप्पांना उत्तर मला द्यायचंय. हा मेल आज सकाळी पाठवून त्यावर परवाची तारीख घालता येत नसेल कशावरून?"

प्रश्न बरोबर होता. हीच शंका तिलाही ऑफिसातून निघताना आली होती. ती म्हणाली, "पाठवणाऱ्याला स्वतःकडची तारीख खोटी घालता येते. मी ती धरतच नाही. मेल आपल्या दारात कधी पोचला, ते आपलंच मशीन लिहून ठेवतं. बाहेरच्याला त्यात हात घालता येत नाही. त्या नोंदीचाच हा फोटो आहे. परवा संध्याकाळ. भाव कधी चढला, अमोल?"

अमोलनं फोटो मोठा करून बघितला.  "काल दुपारनंतर," तो हळूच म्हणाला.

"मग परवा यांना काय स्वप्न पडलं होतं?"

 नाथा बागेत गेला आणि बुंध्याआड ठेवलेली बाटली घेऊन आला. लेबल तेच, फोटोतलं. शेजारच्या टमाटेवाल्यालाही त्यानं हाक मारली. त्यानं बांधावरूनच सांगितलं की हो, माझीच टाकी होती, मजुराची चूक झाली. अमोलनं बाटली उलटसुलट करून पाहिली आणि त्याचा चेहरा उतरला.

"हे तर एक्स्पोर्टच्या यादीतच नाही," तो म्हणाला.

आप्पांना फोन करायला त्यांना टेकाडावर चढावं लागलं, तिथंच काय ती रेंज होती. आप्पांनी आधी आरडाओरडा केला. मग संजनानं एकच विचारलं, हा माल बाकीच्यांच्या मालात मिसळून गेला असता तर? तेव्हा कुठे आप्पांचा आवाज उतरला. शेवटी ते म्हणाले, "भरलेले क्रेट तिथंच उतरवा. नवं सॅम्पल घ्या. कंटेनर कमी भरून जाऊ दे."

त्या संध्याकाळी कंटेनर नाथाच्या मालाशिवाय निघाला. आठवड्याभरात नव्या सॅम्पलचा रिपोर्ट आला. औषध मर्यादेच्या कितीतरी वर होतं.

नाथाचं नुकसान व्हायचं ते झालंच. औषध उतरेपर्यंत त्यानं माल वेलीवरच राखला. पुन्हा तपासून घेतला आणि मग इथल्याच बाजारात दिला. तोपर्यंत भाव खाली आला होता. गावात काही जण त्याला खुळा म्हणाले. गप्प बसला असता तर कुणाला काय कळणार होतं? अमोल मात्र एकदा मुद्दाम त्याच्या घरी जाऊन आला. खुडणाऱ्या त्याच बायका अंगणात होत्या, त्यांच्यासमोर त्यानं 'माझं चुकलं' म्हटलं. हे संजनाला अमोलनं नाही, वेदिकानं सांगितलं.

संजनानं त्यानंतर 'अडवलेले'चा सगळा ढीग उपसला. जुन्यात जुन्या मेलापासून सुरुवात केली. कचरा तर होताच, दोन मेल तर चिमाजींच्या वेळेसारखेच अस्सल चोराचे होते. पण त्या कचऱ्यात एका शेतकऱ्यानं बागेला गारपिटीचा मार बसल्याचं कळवलं होतं. दुसऱ्यानं लेकीच्या लग्नाला आप्पांना आमंत्रण दिलं होतं. ते लग्न होऊनही गेलं होतं, आणि आप्पांना माज आलाय असं तो गावभर सांगत होता.

चाळणी सैल करावी, असं तिला एकदा वाटलं. पण ते चोराचे दोन मेल डोळ्यांसमोर होते. मग तिनं विचार उलटा केला. आजवर ती मेल कुणाचा आहे एवढंच बघत आली होती. तो काय करायला सांगतोय, हे तिनं बघितलंच नव्हतं. पैसे पाठवा, खातं बदला, पासवर्ड द्या असं सांगणारा मेल कितीही ओळखीच्या पत्त्यावरून येवो, नोंदवलेल्या नंबरवर माणसाशी बोलल्याशिवाय त्यावर काही करायचं नाही. आणि ज्या मेलात नुसती खबर आहे, तो क्यूटवेदूकडून आला तरी कुणीतरी वाचायचाच. शेतकऱ्यांच्या घरात खरोखर कुणाच्या मोबाईलवरून मेल जातो, ते पत्ते अमोलनं बागोबाग फिरून आणले. त्यातले निम्मे भाच्यांचे, सुनांचे आणि दुकानदारांचे निघाले. अडवलेल्यांचा ढीग आता सकाळी आणि जेवणानंतर असा दोनदा वाचला जायचा. हंगाम असो वा नसो.

संजनाचा संशयी स्वभाव काही गेला नाही. पण 'नाही' असं लिहिण्याआधी तिचा हात आता थांबायचा.

पुढच्या हंगामाचे करार करायला नाथा वेदिकाला घेऊन ऑफिसात आला. आप्पांनी त्याला स्वतः उठून खुर्ची दिली, चहा मागवला. नाथानं पेन हातात घेतलं नाही. तो संजनाकडे वळला.

"ताई, मेल टाकला तर वाचनारं मानूस कोन?"

"मी."

"आन् तुम्ही रजेवर असल्या तर?"

"तर स्नेहा."

"दोघी बी नसल्या तर?"

संजनानं खोटा दिलासा दिला नाही. "तर ऑफिसात फोन करा. आणि कुणी 'मेल आला नाही' म्हणालं, तर पुन्हा शोधायला लावा. शोधल्याशिवाय फोन ठेवू देऊ नका."

नाथानं मान हलवली. पटलं की नाही, ते त्याच्या चेहऱ्यावरून कळलं नाही. त्यानं करार वेदिकापुढे सरकवला आणि म्हणाला, "वाच. मोठ्यानं. बारीक अक्षरातलं बी."

वेदिका पहिल्या ओळीपासून वाचायला लागली. चहा गार होत होता, आप्पा चुळबुळ करत होते, पण तिला मधेच थांबवायचं धाडस कुणी केलं नाही. शेवटची ओळ संपल्यावरच नाथानं पेन मागितलं.